उंबरठ्यावरची बाळंतीण

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी गुजरातची हद्द ओलांडते, नवापूर मागे पडते, मग चिंचपाडा येतो आणि त्यानंतर खांडबारा. तापी खोऱ्यातील हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास तयार झाला. आजूबाजूच्या पाड्यांवरील भिल्ल, मावची, कोकणी माणसे बाजारहाटाला, दवाखान्याला, सुरतेकडच्या कामाला याच वाटेने जातात-येतात. पूर्वीचा पश्चिम खानदेश, नंतरचा धुळे जिल्हा आणि १ जुलै १९९८ पासूनचा नंदुरबार जिल्हा अशी या भूमीच्या नावाची वाटचाल आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास भरली आणि तिच्यात दर शंभरांमागे एकोणसत्तर जण आदिवासी होते.

या भागातील माता आणि बालके यांच्याविषयी वर्तमानपत्रांतून जे छापून येते ते आपण सारेच वाचतो. झोळीतून वाहून आणलेली गरोदर स्त्री, वाटेतच झालेले बाळंतपण, दवाखान्यात पोहोचण्यास झालेला उशीर. वाचता वाचता आपल्या तोंडून एक शब्द हमखास निघतो : ‘अंधश्रद्धा’. तो उच्चारला की आपले मन हलके होते. दोष पाड्यावर गेला, आपण सुटलो!

आम्हांला मात्र हा निवाडा इतका सोपा वाटत नाही. बाळंतपणात स्त्रीच्या शरीरातून जे बाहेर पडते, म्हणजे गर्भजल, रक्त, वार, पहिले चिकाचे दूध आणि पुढचे काही आठवडे चालणारा स्राव, त्या साऱ्याला ‘विटाळ’ म्हणण्याची सवय केवळ डोंगरातल्या झोपडीची नाही. ती वाड्यांत होती, बंगल्यांत होती, आणि आपल्या देवळाच्या उंबरठ्यावरही होती. हा लेख त्या सवयीचा इतिहास आहे. त्यात आपल्या घराची झडती प्रथम घेणे आम्हांला न्याय्य वाटते.

अंधारी खोली

जुन्या मराठी घरातील बाळंतिणीची खोली पुष्कळ वाचकांनी निदान आजीच्या तोंडून तरी ऐकलेली असेल. माजघरामागची किंवा गोठ्यालगतची, वारा लागू नये म्हणून खिडकी नसलेली अथवा असलेली बुजवलेली. आत बाजले, खाली शेगडी, धुरीचा कोंडलेला धूर. बाळंतिणीला द्यायची ती घरातील सर्वांत जुनी चिंधी, कारण ती पुढे टाकूनच द्यायची. तिचे पांघरूण वेगळे, ताटवाटी वेगळी. सोयर फिटेपर्यंत तिच्या हातचे पाणी नाही. नाळ कापायला जी सुईण बोलवायची ती अनेक गावांत मांग समाजातील असे. घरातली सून आणि वंशाचा दिवा तिच्या हाती सोपवायला कुणाची हरकत नसे. काम आटोपल्यावर मात्र तिने अंगणातच उभे राहायचे आणि तिला द्यायचे ते धान्य वरून टाकायचे!

या व्यवस्थेतील कार्यकारणभाव नीट पाहण्याजोगा आहे. प्रसूती अपवित्र मानली, म्हणून तिला घरातील सर्वांत अस्वच्छ जागा मिळाली. स्राव अपवित्र मानला, म्हणून त्याला सर्वांत मळके फडके मिळाले. नाळ अपवित्र मानली, म्हणून ती कापायला शेतातला विळा किंवा हाती लागेल ते पाते चालले आणि तिच्यावर राख वा शेण थापले गेले. मग बाळाला धनुर्वात झाला, आईला बाळंतज्वर झाला, आणि लोकांनी म्हटले, ‘पाहा, बाळंतपण हे असेच अशुभ असते.’ कल्पनेने घाण निर्माण केली आणि त्या घाणीने कल्पनेला पुरावा पुरविला. पिढ्यान्‌पिढ्या हे चाक असेच फिरत राहिले.

हे चाक केवळ भारतात फिरत होते असेही नाही. व्हिएन्नाच्या सरकारी प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला एक कोडे पडले होते. ज्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत तेथे बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया पुष्कळ, आणि ज्या विभागात सुईणी शिकत तेथे कमी. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून सरळ बाळंतिणीकडे येतात हे त्याच्या ध्यानात आले. मे १८४७ मध्ये त्याने सर्वांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. त्या एप्रिलमध्ये शंभर बाळंतिणींमागे अठरा मृत्यू झाले होते. जूनमध्ये ते दोनच्या आसपास आले. अर्थ उघड होता. विटाळ बाळंतिणीच्या अंगी नव्हता, तिला हात लावणाऱ्यांच्या हातांवर होता. ही गोष्ट प्रतिष्ठित डॉक्टरांना इतकी झोंबली की पुढे अनेक वर्षे तिची उपेक्षा झाली. ‘तुम्ही अपवित्र’ असे म्हणायला माणूस लगेच तयार असतो, ‘माझे हात मळके’ असे म्हणायला त्याला फार वेळ लागतो.

आपल्या महाराष्ट्रातही ही खोली उघडू पाहणारी माणसे त्याच शतकात उभी राहिली. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि ज्यांच्या गर्भारपणाला समाज केवळ कलंक समजत होता त्या विधवांना सुखरूप बाळंत होण्यासाठी दार मोकळे केले. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मूल दहा दिवसांतच गेले. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा.

खांडबाऱ्याच्या वाचकांना जवळची वाटावी अशी कथा आहे डॉ. रखमाबाईंची. नकोसा विवाह नाकारून न्यायालयात झुंज देणाऱ्या याच त्या रखमाबाई. लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्यावर १८९५ पासून त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात सेवा केली. म्हणजे आपल्याच लोहमार्गाच्या पश्चिमेकडील टोकाला! सुरुवातीला त्यांच्या रुग्णालयात बाळंतपणासाठी कोणी येईना. तेव्हा त्यांनी एका गाभण शेळीला रुग्णालयात आणून तिची प्रसूती केली, शेळी आणि करडू दोन्ही धडधाकट असल्याचे लोकांनी पाहिले आणि मग बायका येऊ लागल्या, असे सांगतात. ही हकिकत ऐकून हसू येते खरे, परंतु तिच्यातील वेदनाही लपत नाही. बाईने दवाखान्याची पायरी चढावी म्हणून आधी शेळीला चढावे लागले.

देवळाचा उंबरठा

आता आपल्या घराकडे वळू या. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात बाळंतिणीसाठी नियम दिलेले आहेत. मुलगा झाल्यास एकूण चाळीस दिवस आणि मुलगी झाल्यास ऐंशी दिवस तिने पवित्रस्थानात यावयाचे नाही. त्यानंतर अर्पण आणावयाचे. पवित्र मरियेनेही हा नियम पाळला. संत लूक सांगतो की योसेफ आणि मरिया बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले तेव्हा त्यांनी गरिबांचे अर्पण, म्हणजे पक्ष्यांची जोडी, नेली. २ फेब्रुवारीचा मेणबत्त्यांचा सण तो हाच. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत शतकानुशतके त्या सणाचे नाव ‘मरियेचे शुद्धीकरण’ असे होते. ज्या माउलीला आपण निष्कलंक म्हणतो तिच्याच नावापुढे ‘शुद्धीकरण’ हा शब्द लावताना आपल्या पूर्वजांना काही खटकले असेल का?

या नियमाच्या चौकटीत उभे राहून प्रभू येशूने काय केले हे संत मार्कने पाचव्या अध्यायात नोंदवले आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून मागून येते आणि त्याच्या वस्त्राला शिवते. नियमाप्रमाणे ती अशुद्ध, आणि तिचा स्पर्श ज्याला होईल तोही अशुद्ध. म्हणूनच ती चोरून शिवते. येशू थांबतो. तो स्नानाला जात नाही, तिला रागे भरत नाही. तो तिला सर्वांसमोर बोलते करतो आणि मुलगी म्हणून हाक मारतो. येथे स्पर्शाने वाहिले ते सामर्थ्य, आणि ते त्याच्याकडून तिच्याकडे वाहिले. अशुद्धता तिच्याकडून त्याच्याकडे मुळीच गेली नाही. शुभवर्तमानातील हा प्रसंग आपण किती वेळा ऐकला असेल, परंतु विटाळाच्या दिशेचा हा उलटा प्रवाह आपल्या लक्षात येतोच असे नाही.

आरंभीच्या ख्रिस्तसभेपुढे हा प्रश्न एका वेगळ्या वाटेने आला. मार्शियनसारख्या पाखंडी विचारवंतांना देवाच्या पुत्राने गर्भाशयात राहावे आणि रक्तपाण्यातून जन्म घ्यावा ही कल्पनाच किळसवाणी वाटे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी तेर्तुलियनने ख्रिस्ताच्या देहावर एक ग्रंथ लिहून त्यांना उत्तर दिले. गर्भाची वाढ, त्याभोवतीचे पाणी आणि रक्त यांची नावे घ्यायला तो कचरला नाही. ज्याची तुम्हांला लाज वाटते तो मानवी जन्म आदरणीय आहे. ख्रिस्ताने माणसावर प्रेम केले ते या जन्मासकट केले, असा त्याच्या म्हणण्याचा गाभा आहे. म्हणजे स्त्रीच्या शरीरातील द्रवांची किळस करणे हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. तिच्या मुळाशी गेले तर शब्द देही झाला या आपल्या श्रद्धेलाच धक्का बसतो.

सहाव्या-सातव्या शतकांच्या सांध्यावर पोप महान ग्रेगरी यांच्याकडे इंग्लंडहून प्रश्न आला : बाळंतीण किती दिवसांनी देवळात येऊ शकते? बीड या इतिहासकाराने ७३१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात ग्रेगरींचे उत्तर दिले आहे. प्रसूत झाली त्याच घटकेला ती आभार मानण्यासाठी देवळात आली तरी तिला पापाचा स्पर्श होत नाही, असा त्याचा आशय आहे. मासिक स्राव चालू असलेल्या स्त्रीलाही देवळात येण्यास किंवा ख्रिस्तशरीर घेण्यास मनाई करू नये, असे ते सांगतात, आणि दाखला देतात तो त्या रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीचाच. इतके स्वच्छ उत्तर मिळूनही त्याच सातव्या शतकात कँटरबरीचे महागुरू थिओडोर यांच्या नावावरील प्रायश्चित्त-ग्रंथात अशा स्त्रीने देवळात पाऊल टाकल्यास उपासाचे प्रायश्चित्त सांगितलेले आढळते. उदार उत्तर दिले जाते, पण सवय त्याला पुरून उरते, हा इतिहासाचा नेहमीचा अनुभव आहे.

पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथात बाळंतिणीच्या आशीर्वादाचा एक विधी आला. त्यातील प्रार्थना आभाराच्या होत्या. शुद्धीकरणाचा शब्द त्यांत नव्हता. परंतु विधीची मांडणी पाहा. बाळंतीण पेटलेली मेणबत्ती हाती धरून देवळाच्या दारात गुडघे टेकून थांबे. धर्मगुरू येत, तिच्यावर पवित्र पाणी शिंपडत आणि आपल्या स्टोलाचे टोक तिच्या हाती देऊन तिला आत नेत. शब्द आभाराचे असले तरी सामान्य माणसाने वाचली ती मांडणी, आणि मांडणी सांगत होती की ही बाई आत्तापर्यंत बाहेर होती. बाळाचा स्नानसंस्कार लवकरात लवकर उरकायचा असल्याने त्या दिवशी आई बहुधा घरीच असे. बाळाला देवळात नेई ती धर्ममाता. ज्या मुलाला नऊ महिने पोटात वाढवले त्याचा ख्रिस्तात झालेला जन्म कित्येक मातांनी पाहिलाच नाही.

आपल्या किनाऱ्यावर तर याला आणखी एक पदर आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने नवख्रिस्ती लोकांच्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. जन्मानंतरच्या सहाव्या रात्रीचे जागरण त्या बंदीतून सुटले नाही. बायकांनी गाणी म्हणत बाळाभोवती बसावे हा आनंदाचा भाग निषिद्ध ठरला. बाळंतिणीने चाळीस दिवस दूर राहावे ही चाल मात्र कुणाला निषिद्ध वाटली नाही, कारण ती दोन्ही धर्मांच्या उंबरठ्यांवर सारखीच उभी होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चित्र पालटले. १९६९ च्या नव्या उपासना-पंचांगात २ फेब्रुवारीचा सण ‘प्रभूचे मंदिरातील समर्पण’ झाला. त्याच वर्षी आलेल्या बालकांच्या स्नानसंस्काराच्या विधीत, दिवस ठरवताना आईच्या प्रकृतीचा विचार व्हावा म्हणजे तीही हजर राहू शकेल, अशी सूचना आहे. आणि शेवटी बाळ कुशीत घेतलेल्या आईला, देवळात सर्वांसमक्ष, आशीर्वाद दिला जातो. दारातली बाळंतीण वेदीजवळ आली. याला आज अर्धशतक उलटून गेले. तरीही आपल्या कित्येक घरांत ‘चाळीस दिवस झाल्याशिवाय मिस्साला जायचे नाही’ असे सांगणारी मंडळी आहेत, आणि ते ख्रिस्तसभेच्या नावाने सांगतात!

धर्मभगिनी आणि प्रसूतीची खोली

याच इतिहासाचे दुसरे पान अधिक कडू आहे आणि अधिक गौरवाचेही आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वरच्या पदांवरील धर्मसेवकांना रक्ताशी संबंध येणारी शल्यक्रिया करण्यास मनाई केली होती. १९१७ च्या धर्मसभा-संहितेने धर्मगुरूंना खास परवानगीवाचून वैद्यकी करण्यास बंदी केली आणि तेच बंधन व्रतस्थांनाही लागू ठेवले. बाळंतपणाविषयीचा संकोच तर त्याहून जुना. व्रतस्थ कुमारिकांनी प्रसूतीच्या खोलीत असणे शोभत नाही, अशी समजूत असल्याने अनेक धर्मसंघांच्या भगिनी महामारीत रोग्यांची सेवा करीत, युद्धात जखमा बांधीत, परंतु बाळंतिणीच्या खाटेजवळ जात नसत. कुष्ठरोग्याची जखम धुणे चालत होते, प्रसूतीचे रक्त धुणे चालत नव्हते.

याचा परिणाम भारतात फार भयानक होता. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे येत नसत आणि कॅथलिक भगिनी प्रसूतीची सेवा करू शकत नव्हत्या. हे ज्यांच्या जिवाला लागले त्यांत पहिले नाव येते डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरन यांचे. १८३७ मध्ये जन्मलेल्या या स्कॉटिश बाई साठी ओलांडल्यावर कॅथलिक झाल्या, सत्तरी ओलांडल्यावर भारतात आल्या आणि त्यांच्या पुढाकाराने रावळपिंडीला स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी रुग्णालय उभे राहिले. व्रतस्थ भगिनींना डॉक्टर होऊ द्यावे म्हणून त्यांनी रोमला पुनःपुन्हा विनविले. १९१३ मध्ये त्या वारल्या तेव्हा ते घडलेले नव्हते.

त्यांच्याविषयीची एक पुस्तिका ऑस्ट्रेलियात मेरी ग्लाउरी या तरुण डॉक्टरच्या हाती पडली. १९२० मध्ये त्या आंध्रातील गुंटूरला आल्या, धर्मसंघात प्रविष्ट झाल्या आणि पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्या खास अनुमतीने धर्मभगिनी असतानाच डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. त्यांनी गावच्या स्त्रियांना सुईणपणाचे शिक्षण दिले. १९४३ मध्ये त्यांनी स्थापन केलेली कॅथलिक रुग्णालयांची संघटना आजही देशभर काम करते. १९५७ मध्ये त्यांचे देहावसान झाले आणि २०१३ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना ‘देवाची सेविका’ म्हणून घोषित केले. मॅक्लॅरनबाईंची दुसरी वारसदार ऑस्ट्रियाची ॲना डेंगेल. रावळपिंडीच्या त्याच रुग्णालयात १९२० पासून काम करताना तिने जे पाहिले ते तिला स्वस्थ बसू देईना. १९२५ मध्ये तिने वॉशिंग्टनला वैद्यकीय मिशनभगिनींचा संघ काढला. परंतु नियम आड येत असल्याने त्या भगिनींना जाहीर व्रते घेता येत नव्हती.

अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्दच्या माउलीच्या सणाच्या दिवशी, रोमच्या श्रद्धाप्रसार मंडळाने एक सूचनापत्र काढले. मिशनक्षेत्रांत माता आणि बालके यांच्या सेवेसाठी व्रतस्थ भगिनींनी वैद्यकीय पदवी घ्यावी, प्रसूतीशास्त्र शिकावे, असे त्यात सांगितले होते. मॅक्लॅरनबाईंच्या मृत्यूला तेवीस वर्षे झाली होती. त्या तेवीस वर्षांत केवळ संकोचापायी मदतीवाचून किती माता गेल्या असतील? आपल्या ख्रिस्तसभेचे चुकले असे म्हणायला आम्हांला कमीपणा वाटत नाही, कारण चूक सुधारणारी माणसेही तिच्याच पोटी जन्मली.

या संदर्भात परिचारिकांचे ऋणही सांगितले पाहिजे. रक्त, लघवी, ओकारी, वार हाताळणे हे आपल्या देशात ‘खालच्या’ जातींचे काम मानले गेल्यामुळे सुखवस्तू घरांतील मुली परिचर्येकडे वळत नसत. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तेथून स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवण्याचे ठरले तेव्हा समाजाचा विरोध झालाच. त्या काळी आणि पुढेही अनेक दशके या देशातील परिचारिकांत ख्रिस्ती मुलींचा भरणा मोठा होता. लोकांनी त्यांना ‘नर्सबाई’ म्हणून हाक मारली. लग्नाच्या बाजारात त्यांच्याकडे नाक मुरडले गेले. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबे अशाच एखाद्या आत्याच्या किंवा मावशीच्या पगारावर शिकली आहेत. इतरांनी ज्याला विटाळ म्हटले तो तिने आयुष्यभर हातांनी पुसला. आणि येथेच, खांडबाऱ्याच्या अलीकडच्या चिंचपाड्याला, प्रोटेस्टंट मिशनने १९४२ पासून चालवलेल्या रुग्णालयाचे स्मरणही कृतज्ञतेने केले पाहिजे. बाळंतिणीच्या खाटेजवळ पंथभेद उरत नाही.

लाजेचे मौन

विटाळाची कल्पना सर्वांत अधिक हानी करते ती जिभेवर. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली तेव्हा जगभरचे वैद्यक चकित झाले. शंभरांपैकी ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ. अंगावरून पांढरे जाते, कंबर मोडते, हे त्या बायकांना ठाऊक नव्हते असे नाही. ते सांगण्याजोगे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

प्रसूतीत हे मौन प्राणघातक ठरते. पाणमोट फुटली आणि पाणी हिरवट असले तर बाळाने पोटातच शी केली आहे, त्याला धोका असू शकतो. पाण्याला दुर्गंधी असेल तर आत जंतुसंसर्ग झालेला असतो. पाणी जाऊ लागले आणि कळा नाहीत, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा लागतो. प्रसूतीनंतर अर्ध्या लीटरहून अधिक रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव होय, आणि आपल्या देशातील मातामृत्यूंचे ते एक प्रमुख कारण आहे. म्हणजे रंग, वास आणि प्रमाण या तीन गोष्टी त्या वेळी सांगता आल्या पाहिजेत. ज्या सुनेला सासूसमोर ‘पाणी गेले’ एवढे म्हणण्याची लाज वाटते, जी नवऱ्याला रक्ताने भिजलेले लुगडे दाखवू शकत नाही, तिला कोण वाचवणार? चिकाचे दूध पिवळट आणि घट्ट दिसते म्हणून पिळून टाकले जाते. वास्तविक बाळाला रोगांपासून राखणारे पहिले औषध तेच. स्रावाची फडकी कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातली जातात. वास्तविक त्यांना हवे असते कडक ऊन.

अडलेल्या बाळंतपणाने कधीकधी मूत्राशयाला भोक पडते आणि त्या स्त्रीची लघवी अखंड गळत राहते. तिच्या अंगाच्या वासाने नवरा टाकतो, गाव टाकते. १९७४ मध्ये कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन या डॉक्टर दांपत्याने इथिओपियात आदिस अबाबाला केवळ अशा स्त्रियांसाठी रुग्णालय काढले. मार्कच्या शुभवर्तमानातील ती स्त्री बारा वर्षे भोगत होती. येथे वीस वीस वर्षे भोगलेल्या स्त्रिया आल्या आणि एका शस्त्रक्रियेने कोरड्या वस्त्रांनी घरी गेल्या.

आजचे खांडबारे, आजचे आपण

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ बदलले आहे हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, पाड्यापाड्यांवर आशाताई आल्या. दुर्गम भागांतील गरोदर मातांना प्रसूतीपूर्वी येऊन राहता यावे म्हणून आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरे निघाली. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे, या पाच साध्या नियमांनी आणि लसीने काय साधले? २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते. देशाची सरासरी ९७ होती. ही राज्याची सरासरी आहे. डोंगरातील पाड्याला ती लागू पडतेच असे नाही.

मात्र प्रसूती अंधाऱ्या खोलीतून दवाखान्यात आली म्हणून विटाळ घरी राहिला असे समजू नये. तोही तिच्या मागोमाग आला. कळांच्या भरात शी होणे, ओकारी होणे हे नैसर्गिक आहे; तरी त्यासाठी बाईला ओरडणारे तोंड आणि ‘तुझ्या माणसांना पुसायला सांग’ म्हणणारा आवाज आजही कुठे कुठे ऐकू येतो. पाड्यावरची स्त्री दवाखान्यात जायला का कचरते याचे एक उत्तर येथे आहे. घरी तिच्या स्रावाची लाज तिच्या माणसांत राहते. तेथे ती परक्यांसमोर उघडी पडते. जागतिक आरोग्य संघटनेलाही २०१४ मध्ये प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या अवमानाविरुद्ध निवेदन काढावे लागले. तेव्हा ‘अंधश्रद्धा’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण क्षणभर थांबलेले बरे.

जुन्या चालीतील सारेच टाकाऊ होते असेही आम्ही म्हणत नाही. प्रसूतीनंतरचा स्राव चार ते सहा आठवडे चालतो, शरीर सावरायला तेवढा काळ लागतोच. चाळीस दिवसांच्या नियमात विश्रांतीचे हे शहाणपण होते. ते जरूर राखावे. बाळंतिणीला जड काम नको, तिला गरम अन्न हवे, झोप हवी. परंतु विश्रांती देणे वेगळे आणि बहिष्कार घालणे वेगळे. ‘तू थकली आहेस, बस’ आणि ‘तू अशुद्ध आहेस, दूर बस’ या दोन वाक्यांत फरक आहे तो प्रेमाचा.

२००४ मध्ये संतपदी पोहोचलेल्या जियान्ना बेरेत्ता मोल्ला या स्वतः डॉक्टर होत्या आणि आईही. १९६२ मध्ये चौथ्या बाळंतपणानंतर आठवड्याभरात पोटात झालेल्या जंतुसंसर्गाने त्या वारल्या. बाळंतपणाने गेलेली एक आई आज आपल्या वेदीवर आहे. क्रुसावर प्रभूच्या कुशीतून रक्त आणि पाणी वाहिले असे संत योहान साक्ष देतो, आणि त्यातून ख्रिस्तसभा जन्मली असे धर्मपित्यांनी सांगितले. रक्त आणि पाणी हीच तर प्रत्येक जन्माची खूण. रविवारी ज्या रक्ताला आपण गुडघे टेकतो, त्याच्या साक्षीने सोमवारी घरातील बाळंतिणीच्या रक्ताची किळस कशी करावी?

येत्या २ फेब्रुवारीला आपल्या धर्मग्रामात मेणबत्त्यांची मिरवणूक निघेल. त्या दिवशी गेल्या वर्षभरात आई झालेल्या स्त्रियांना, कुणाला चाळीस दिवस झाले असोत वा चारच, बाळासह पुढच्या बाकांवर बसवावे अशी आमची धर्मगुरूंना नम्र विनंती आहे. मिस्सानंतर एखाद्या परिचारिका भगिनीने किंवा आशाताईने, घरातील पुरुषांसमक्ष, पाणमोट, रक्त आणि चीक यांविषयी दहा मिनिटे उघडपणे बोलावे. पहिल्या वर्षी लोक माना खाली घालतील, दुसऱ्या वर्षी ऐकतील. आणि एखाद्या रात्री पाड्यावर कुणा सुनेच्या तोंडून ‘आई, पाणी गेले, हिरवे आहे’ हे शब्द वेळेवर बाहेर पडतील.